सदर चित्र कशाचेही नाही

तळपदेबाई,

परवा शाळेत तुमची शोकसभा झाली. हेडमास्तर म्हणून बोलायचं माझ्याकडे आलं. मी उभा राहिलो, चष्मा पुसला आणि म्हणालो, "कैलासवासी तळपदेबाई अत्यंत शिस्तप्रिय होत्या." मागच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी एक जण. मग जोशीबाई, ज्यांनी तुमच्या शेजारच्या वर्गात इतकी वर्षं भूगोल शिकवला आणि तुमच्या वर्गातल्या गोंगाटाविरुद्ध माझ्याकडे दर आठवड्याला तक्रार केली, त्याच पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. बघता बघता सगळी सभा हसत होती आणि डोळेही पुसत होती. मी सर्वांना उभं राहून शांतता पाळायला सांगितली. तीही कोणी नीट पाळली नाही.

माझं भाषण तिथेच आटोपलं. पण मनातलं तसंच राहिलं आहे, आणि ते जिच्याशी बोलायचं तिच्याशीच बोलावं, म्हणून हे लिहितो आहे. शुद्धलेखनाच्या चुका नेहमीप्रमाणे शोधू नका. बाईंना चित्रकला सोडून व्याकरणाची काय पडली आहे, असं मी एकदा चिडून म्हणालो होतो. तेव्हा तुम्ही म्हणालात, "मास्तर, रेघ वाकडी चालते हो मला. वेलांटी नाही चालत."

चंदनवाडीच्या स्मशानात तुमचे बंधू भाई माझ्याशेजारी उभे होते. मला वाटलं, आता ते तुमच्या लहानपणीचं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "मास्तर, आमचा सोफा तुमच्या शाळेत शिकला." मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं, की फणसवाडीतल्या तुमच्या दिवाणखान्यातला तो आजोबांच्या वेळचा सोफा, घोड्याचे केस भरलेला, वर्षानुवर्षं आतून रिकामा होत होता. पाहुणे बसले की खाली खाली जात. एका दूरच्या मामांना तर हात धरून वर ओढावं लागलं. घरातल्यांनी उंदरांचे सापळे लावले, औषधं घातली. उंदीर म्हणजे तुम्ही, हे त्यांना फार उशिरा समजलं. तुम्ही मागची शिवण उसवून मूठ मूठ केस काढत होतात आणि लालबागला शाळेत आणून मुलांना त्यांचे ब्रश बांधायला शिकवत होतात. भाई हे सांगताना हसत होते.

बाई, तुम्ही शाळेत आलात तो दिवस मला आठवतो. ट्रामने आला होतात. कडक इस्त्रीचं पांढरं पातळ, मोठं कुंकू, हातात चामड्याची पर्स. मला वाटलं, ही गिरगावातली सुखवस्तू बाई आमच्या गिरणी कामगारांच्या पोरांत महिनाभरही टिकायची नाही. आधीचे ड्रॉइंगमास्तर वर्षभर आंबा, तांब्या आणि पोपट शिकवत. पोरांना डोळे मिटून पोपट काढता येई. मी तुम्हाला कपाट उघडून दाखवलं. रंगाच्या वड्या दगड झालेल्या आणि ब्रशांचे केस झुरळांनी खाल्लेले, नुसत्या काड्या उरलेल्या.

मी ओशाळून म्हणालो, "बाई, ब्रश नाहीत."

तुम्ही एक काडी उचललीत, दाताखाली धरून चावलीत, तिचं टोक फुटून कुंचला झाला तेव्हा दिव्याच्या काजळीत बुडवलीत आणि माझ्या टेबलावरच्या हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावर एक रेघ ओढलीत. खरखरीत, मध्येच तुटलेली, कडेला केस उडालेली. "हे बघा," तुम्ही म्हणालात, "आहेत की."

मी पहिल्यांदा तुमच्यावर चिडलो तो तेव्हा. हजेरीपट सरकारी होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गाला सांगितलंत, घरात जे जे उमटेल ते घेऊन या. मी मुद्दाम दारात उभा होतो. पोरांनी आणलं तरी काय! नारळाच्या शेंड्या, तुटके कंगवे, कोंबडीची पिसं, गिरणीतल्या फुटक्या बॉबिना, आजोबांचा दाढीचा ब्रश, मक्याचं कणीस, कापलेली भेंडी, सुतळीचा तोडा. गावड्यांची शेवंता सगळ्यांच्या शेवटी आली. तिच्या कडेवर तिचा रांगता भाऊ होता, बाळ्या. मी विचारलं, "आणि तू काय आणलंस?" तिने भावाला बाकावर ठेवलं आणि म्हणाली, "ह्याला. आई कामावर जाते, ह्याला मीच सांभाळते. आणि सर, हा पण उमटतो."

तुम्ही त्या पोराला उचलून इतक्या आनंदाने बघितलंत, की जणू सरकारने नवी साधनसामग्री मंजूर केली होती.

पुढच्याच आठवड्यात मोर्चा आला. ते दिवसच मोर्चांचे होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज कुठून ना कुठून घोषणा ऐकू येत आणि परळ-लालबागच्या बायकांना मोर्चा कसा काढायचा हे कोणी शिकवायची गरज उरली नव्हती. त्यामुळे फाटकापाशी घोषणा ऐकल्या तेव्हा मी घाबरून दप्तर कुलुपात ठेवलं. पण घोषणा वेगळी होती. "आमच्या केरसुण्या, परत करा!" केरसुणीचे हीर, म्हणजे तिच्या काड्या, छान रेघ उमटवतात असं तुम्ही वर्गात सांगितल्यावर पोरांनी चाळीतली एकही केरसुणी शाबूत ठेवली नव्हती. पुढे शेवंताची आई, गावडेबाई. त्या माझ्या गावाकडच्या, देवगडच्याच, म्हणून माझी बिलकूल भीड ठेवली नाही.

"मास्तरांनू, ह्या बाईन आमची लक्ष्मी शायत बुडवल्यान! आता मी केर कशान काढू, तुमच्या छडीन?"

मी तुम्हाला बोलावलं. मला वाटलं, तुम्ही त्यांना कलेबद्दल काहीतरी समजावाल. तुम्ही सरळ हात जोडलेत. "चुकलं माझं," म्हणालात. "घरात लागणारी वस्तू मुलांनी आणायची नाही, हे मी सांगायला हवं होतं. आजपासून फक्त टाकलेलं आणायचं." मग जरा थांबून विचारलंत, "पण जे उमटलंय ते बघायला येता का वर?" बायका वर आल्या. भिंतीवर तुमच्या वर्गाचे कागद लावलेले होते. सगळ्या बराच वेळ बघत राहिल्या. गावडेबाईंनी एका कागदावर बोट ठेवलं, "हीच ती माझी केरसुणी," आणि बाकीच्या आपापल्या केरसुण्या शोधू लागल्या. मोर्चा हसत हसत घरी गेला. पण गावडेबाई जाताना मला बजावून गेल्या, "मास्तरांनू, बाई बरी आसा. तरी लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं, बाई. तिसऱ्या तासाला रोज तुमच्या वर्गावरून जात होतो ते त्यासाठीच, असं तुम्हाला सांगत आलो. रोज खिडकीतून विचारत होतो, "हे काय आहे?" आणि रोज तुम्ही म्हणत होतात, "मास्तर, तो प्रश्न माझ्या वर्गात चालत नाही."

"अहो, पण काय आहे ते कळल्याशिवाय गुण कशावर द्यायचे?"

"गवई तान घेतो तेव्हा विचारता का हे काय आहे म्हणून?"

"तानेला राग असतो, बाई. ह्या चित्राला कुठला राग आहे?"

"तुमच्या चेहऱ्यावर आहे तो."

पोरं बाकांखाली लपून हसली. मी कार्यालयात परत आलो, दार लावलं, आणि एकटाच हसलो. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आणखी वाईट काहीतरी बोलला असता.

आणि मग ते काळं चित्र.

त्या दिवसांत हसण्यासारखं बाहेर काही नव्हतं. गोळीबार झाले होते. आमच्या आजूबाजूच्या चाळींत काही घरांचे पुरुष परत आले नव्हते. पोरं वर्गात गप्प बसत. तुम्ही स्वतः सत्याग्रहात गेला होतात. रजेच्या अर्जावर कारण लिहिलंत "तीर्थाटन", आणि मी ते मंजूर केलं. तुरुंगातून सुटून आलात तेव्हा पदराच्या गाठीत चटईचा काथ्या बांधून आणला होतात. "सरकारी आहे, मास्तर. टणक आहे. रेघ सुरेख येईल."

त्याच सुमारास एका पालकाने गिरणीतून खराब निघालेला मांजरपाटाचा लांबलचक तुकडा आणून दिला. तुम्ही तो व्हरांड्यात अंथरलात आणि सगळ्या वर्गाला त्याच्यावर सोडलंत. दोऱ्या, कंगवे, बॉबिना, सोफ्यातल्या केसांचे कुंचले, तो तुरुंगातला काथ्या. पोरं दुपारभर वाकून, गुडघ्यावर बसून, ओरडत, भांडत काम करत होती. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज ऐकला, म्हणून जोशीबाईंनीही त्या दिवशी तक्रार केली नाही. संध्याकाळी कापड भिंतीवर टांगलं. मधोमध एक मोठा काळा पसारा, उजवीकडे निमुळता होत गेलेला, आणि डाव्या कडेला एक लाल ठिपका.

मी सवयीने विचारलं. तुम्ही सवयीने उत्तर दिलं नाही.

उत्तर नाना शिरोडकरांनी दिलं. नाना आमच्या भागातले चळवळीचे कार्यकर्ते, आवाज असा की त्यांना कर्णा लागत नसे. काहीतरी निरोप घेऊन ते शाळेत आले, व्हरांड्यात थबकले, आणि त्यांनी छातीला हात लावला. "महाराष्ट्र!" ते ओरडले. "अखंड महाराष्ट्र! आणि हा लाल बिंदू म्हणजे मुंबई! रक्ताने माखलेली मुंबई!" तासाभरात चित्राला हार पडला. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. लांबून लांबून माणसं बघायला येऊ लागली आणि पायऱ्यांवर चपलांचा ढीग साचू लागला.

चौथ्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब आले, सोबत एक हवालदार. साहेबांनी चित्र पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. शाळेत प्रक्षोभक नकाशा लावल्याची तक्रार आली होती. तो नकाशा असेल, तर अनुदान बंद होईल आणि बाईंना घरी जावं लागेल. नकाशा नसेल, तर बाईंनी तसं लिहून द्यावं. पण लिहून द्यायचं, तर व्हरांड्यात नाना आणि निम्मं लालबाग उभं होतं. बाई म्हणते हा महाराष्ट्र नाही, असं त्यांच्या कानावर गेलं असतं, तर दुसरे दिवशी काय झालं असतं, याचा मला विचारही करवेना.

मी तुम्हाला कोपऱ्यात नेलं. घाबरलो की मी मालवणीवर येतो हे तुम्हाला माहीत होतं. "बाई, माका वाचवा. बैल म्हणा. बैल कोणाकच टोचूचो नाय."

"पण तो बैल नाही, मास्तर."

"मगे महाराष्ट्र म्हणा! तुमका तर हवोच आसा!"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तशा नजरेने तुम्ही कधी बघत नसा. "हवा आहे," म्हणालात. "त्याच्यासाठी मी तुरुंगात जाऊन आले, परत जाईन. पण मुलांनी नकाशा काढलेला नाही. माझं मत त्यांच्या कापडावर मी लिहिणार नाही. साहेबांच्या भीतीने नाही, आणि नानांना बरं वाटावं म्हणूनही नाही."

नोकरी जाईल हे तुम्हालाही समजत होतं. त्या वेळी मला तुमचा जितका राग आला तितका कधी आला नाही, आणि त्या वेळी मी तुमच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

साहेब हुशार होते. म्हणाले, "मुलांनाच विचारू."

वर्ग रांगेत उभा केला. साहेबांनी काळ्या भागाकडे बोट दाखवलं. "हे काय आहे?" एक पोरगा म्हणाला, "दोरी, साहेब. अशी आपटली." दुसरी म्हणाली, "इथे माझा कंगवा. दोन दात नाहीत त्याला, बघा." तिसरा म्हणाला, "हा सोफा." साहेब गोंधळले, तेव्हा मीही गोंधळलो, हवालदार लिहू लागला. मग साहेबांनी लाल ठिपक्यावर काठी टेकवली. नानांनी डोळे मिटले होते.

"आणि हे? हे कोणतं शहर?"

शेवंता पुढे आली. "शहर नाय साहेब. बाळ्या तिथे बसला."

"बाळ्या कोण?"

"माझा भाऊ. लाल शाईच्या ताटलीत बसला आणि मग उठून तिथे बसला. ते त्याचं बूड आहे."

हवालदाराने लिहिता लिहिता मान वर केली आणि विचारलं, "साहेब, बूड लिहू?" आणि साहेबांचा बांध फुटला. ते हसता हसता भिंतीला टेकले. सगळा व्हरांडा हसला. एकटे नाना डोळे उघडून म्हणाले, "मुंबईला बूड म्हणते ही!" आणि तेही हसत खाली बसले.

साहेबांना तरी कागद हवाच होता. तो मी लिहिला. "सदर चित्र दोऱ्या, कंगवे, काथ्या, घोड्याचे केस व एक बालक यांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांनी केलेले असून ते कशाचेही चित्र नाही." सही, शिक्का. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाचलंत आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. म्हणालात, "इतके दिवस मी जे सांगते ते तुम्ही एका वाक्यात लिहिलंत, तेही शिक्क्यासकट." मी म्हणालो, मी फक्त सरकारी सत्य लिहिलं. साहेबांनी जाता जाता सुचवलं, की चित्र निदान उलटं तरी लावा. तुम्ही लगेच कबूल झालात. "उलटंही छान दिसेल." आणि खरंच, बाई, दिसलं.

राज्य झालं, मुंबईसह झालं, तेव्हा नाना पेढे घेऊन आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने चित्र पुन्हा सुलटं केलं. सगळ्या चाळकऱ्यांनी डाव्या कडेच्या लाल ठिपक्याला नमस्कार केला. तुम्हीही केलात. तुमचे डोळे भरून आले होते. आणि तशाच भरल्या डोळ्यांनी तुम्ही माझ्या कानाशी कुजबुजलात, "मास्तर, बाळ्याला कळलं तर डोक्यात जाईल हो त्याच्या." इतक्या मंगल प्रसंगी मला खोकल्याचं नाटक करून बाहेर जावं लागलं.

शेवटचं तुम्हाला पाहिलं ते फणसवाडीत. दम्याने तुम्हाला धड झोपू दिलं नव्हतं. मी त्या सोफ्यावर बसलो आणि जवळजवळ जमिनीला टेकलो. तुम्ही कारण सांगितलं नाहीत, आणि मलाही तेव्हा ते ठाऊक नव्हतं. थोड्या वेळाने म्हणालात, "माझ्या तासाला आंबा शिकवणारा माणूस आणू नका."

"अर्ज मागवावे लागतील, बाई. नियम आहे."

"तोवर तुम्ही घ्या."

"मला चित्रातलं काय कळतं?"

"म्हणून तर."

मला तेव्हा काही सांगायचं होतं. पत्नी गेल्यापासून नायगावच्या खोलीत मी एकटा असतो. सकाळी उठलं की आज तुमच्याशी कशावरून भांडायचं, हा विचार पहिला येई, आणि त्या विचाराने मी चहा करायला उठत असे. एवढंच सांगायचं होतं. पण भाईंच्या पत्नीने कोलंबीची पॅटिस आणली, तुम्ही ती मला आग्रहाने खायला लावलीत, आणि मी पॅटिसांबद्दल बोललो. चांगली झाली होती. पण बोलायचं ते नव्हतं.

काल गुरुवार, तिसरा तास. अर्ज अजून आलेले नाहीत, म्हणून मी वर्गावर गेलो. पोरं निमूट बसली होती. प्रत्येकासमोर कागद, काजळीची वाटी आणि काहीतरी टाकाऊ. मी म्हणालो, करा सुरू. कोणी हलेना. शेवंता आता मोठी झाली आहे, शेवटच्या वर्षाला आहे. ती उठून म्हणाली, "सर, बाई असत्या तर आम्हाला ओरडल्या असत्या."

"का?"

"आम्ही खूप शांत आहोत."

मी उभा राहिलो. एवढ्या वर्षांच्या नोकरीत वर्गाला गप्प कसं करायचं ते मला येतं. उलटं कसं करायचं ते कोणी शिकवलं नाही. शेवटी मी बाह्या वर केल्या, दोन्ही हात काजळीच्या मोठ्या भांड्यात बुडवले आणि जमिनीवर पसरलेल्या कागदावर धाडकन आपटले. शाई पहिल्या रांगेपर्यंत उडाली. मग जो काही आरडाओरडा सुरू झाला, बाई, की खालच्या रस्त्यावरचे लोक थांबून वर बघू लागले. दोऱ्या आपटल्या, बॉबिना घरंगळल्या, कोणीतरी बाकावर चढलं. दोन-तीन पोरं रडत होती. त्यांनीही हात थांबवले नाहीत.

दार उघडलं. जोशीबाई, हातात नकाशाची गुंडाळी. "काय चाललंय काय? कोण घेतंय हा तास? मी हेडमास्तरांकडे तक्रार करणार आहे!"

मी कोपरापर्यंत काळा, जमिनीवर गुडघे टेकून बसलो होतो. म्हणालो, "करा, जोशीबाई. आहेत ते इथेच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलांकडे. मग नकाशा दाराशी उभा करून ठेवला आणि पदर खोचत आत आल्या.